गावगाड्याच्या वहीपासून सिबिलपर्यंत : आपली पत लिहिली कोणी?

क्रेडिट कार्डाचा अर्ज फेटाळला गेला की आपला तरुण दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर 'आपली लायकीच नाही', नाहीतर 'बँका जातीयवादी आहेत, त्यांच्या वाटेला जायचेच नाही'. भोर आणि वेल्हे तालुक्यांत काम करताना ही दोन्ही वाक्ये आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत की आता त्यांचा समाचार घेणे भाग आहे. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. ते का चुकीचे, हे कळायला आपल्याच मुलखाचा इतिहास उलगडावा लागतो.

पत म्हणजे आपल्याविषयी दुसऱ्याने लिहून ठेवलेले मत. वही ज्याच्या हातात, पत त्याच्या हातात.

भोर हे पंतसचिवांचे संस्थान. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशी त्याच्या तालुक्यांची नावे होती. आजचे भोर आणि वेल्हे यांचा मोठा भाग त्यातच येतो. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. या डोंगराळ मुलखात भात आणि नाचणी हीच मुख्य पिके, आणि गावगाडा देशावरच्या इतर गावांसारखाच. त्या गाड्यात महार वतनदार होता. त्याची कामे कोणती होती ते नीट पाहा. गावाच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. सरकारी टपाल तोच पोहोचवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावचा वसूल तालुक्याच्या खजिन्यापर्यंत नेताना सोबतीला महारच असे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी दख्खनच्या गावांविषयी लिहिताना ही कामे नोंदवून ठेवली आहेत.

म्हणजे अख्ख्या गावाचा सारा ज्याच्या भरवशावर डोंगर उतरून जात होता, त्याला स्वतःच्या गरजेसाठी दहा रुपये हवे असतील तर मात्र 'तुझ्याकडे तारण काय?' असे विचारले जाई. विश्वास होता, फक्त त्या विश्वासाचा हिशेब त्याच्या नावे कुठेही जमा होत नव्हता. आपला समाज बुडवणारा म्हणून पत नाकारली गेली, हे सांगणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

तारणाचे काय झाले तेही सांगतो. वतनाची जमीन होती, पण तिच्यावर मालकी नव्हती. ब्रिटिश मुलखात 1874 चा वंशपरंपरागत वतनांचा कायदा आला. त्याने वतनदाराला आपली जमीन वतनाबाहेरच्या माणसाकडे स्वतःच्या हयातीपलीकडे गहाण टाकायला बंदी केली. वतन टिकावे हा हेतू. परिणाम असा की सावकाराच्या लेखी त्या जमिनीची किंमत माणसाच्या आयुष्याएवढीच राहिली. संस्थानात ब्रिटिश कायदा आपोआप येत नसे, पण वतनाची चाल तीच होती. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते याच साखळीवर घाव घालण्यासाठी. वतनदार महाराला कोणत्याही वेळी कामाला बोलावता येते आणि मोबदला मात्र नाममात्र मिळतो, हे त्यांनी सभागृहात मांडले. विधेयक पुढे गेले नाही, 1929 मध्ये ते मागे घ्यावे लागले.

1875 चा दख्खनचा उठाव सगळ्यांना ठाऊक आहे. याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले आणि चार वर्षांनी सरकारला शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. त्या उठावाचे मोल आम्ही कमी करत नाही. पण रोखा लिहून मिळायला मागे जमीन लागते. ज्याच्याकडे ती नाही त्याचे कर्ज अंगमेहनतीने फिटायचे. लग्नाला शंभर घेतले की बाप सालगडी, आणि बाप थकला की पोरगा. तिथे जाळायला कागदही नव्हता.

आता बाबासाहेबांकडे वळू, कारण या विषयातला सर्वांत बोलका पुरावा त्यांच्याच आयुष्यात आहे. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून 1917 मध्ये ते परत आले. बडोद्याला राहायला जागा मिळाली नाही, हा प्रसंग आपण भाषणांतून सांगतो. त्यानंतरचा प्रसंग फारसा कोणी सांगत नाही. मुंबईत त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. गिऱ्हाईक येऊ लागले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर तेच गिऱ्हाईक तुटले आणि व्यवसाय बंद झाला. सल्ला चुकला नव्हता, हिशेबही चुकला नव्हता. पुढे 1920 मध्ये लंडनला जाण्यासाठी त्यांनी सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली आणि पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. बाजाराने नाकारलेली पत एका मित्राने दिली. आणि त्याच लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, जो 1923 मध्ये ग्रंथरूपाने आला. ज्याला मुंबईच्या बाजाराने पत दिली नाही, तो देशाच्या चलनाची पत तपासत होता.

मावळातून मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांना असे मित्र नव्हते. गिरणीत विणकाम खाते त्यांना बंद, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि विटाळ होई. पगार विणकाम खात्यातच जास्त. म्हणजे कमाई जातीने ठरलेली, आणि गरज तीच. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर लावून धरला. पुढे 1931 मध्ये कामगारविषयक शाही आयोगाचा अहवाल आला. त्यात नोंद आहे की बहुतेक औद्योगिक शहरांत किमान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. रुपयाला महिना एक आणा हा व्याजदर सर्रास होता. हिशेब करा, वर्षाला 75 टक्के. पगाराच्या दिवशी दारात पठाण उभा. वही त्याची, आकडा त्याचा, अंगठा आपला.

स्वातंत्र्यानंतर तरी? पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक 1917 पासूनची. पण 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत दिसले की शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम 3.1 टक्के होता आणि सावकारांचा सत्तरच्या आसपास. 1958 च्या कायद्याने महार वतन संपले, जमिनी परत मिळाल्या, पण नवीन शर्तीने. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 असे लिहिले गेले आणि परवानगीशिवाय विक्री नाही. त्यात एकेका गटावर भाऊबंदांची पंधरा-वीस नावे. अशा उताऱ्यावर कर्ज द्यायला शाखाधिकारी कचरतो, आणि आपल्याला वाटते तो आपल्यालाच कचरतो. काही वेळा दोन्ही खरे असते.

1969 ला बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, 1972 ला चार टक्के व्याजाची योजना आली, 1978 ला महात्मा फुले महामंडळ स्थापन झाले. या दारांतून काही माणसे आत गेली. पण अनुदानाची फाईल मंजूर झाली म्हणजे पत निर्माण झाली, असा समज आपल्या कार्यकर्त्यांनीही करून घेतला. महामंडळाच्या कर्जाकडे 'सरकारी पैसा, माफ होईल' म्हणून पाहणाऱ्या पुढाऱ्यांनी समाजाचे किती नुकसान केले, यावर कधीतरी स्वतंत्र लिहावे लागेल.

आता सिबिल. ही कंपनी 2000 ची, आणि अशा कंपन्यांसाठीचा कायदा 2005 चा. आज अशा चार कंपन्या आहेत. 300 ते 900 मधला आकडा ठरतो तो हप्ते वेळेवर भरले का, मर्यादेच्या किती टक्के उधारी वापरली, खाते किती जुने, किती ठिकाणी अर्ज केले यांवरून. अहवालात जातीचा रकाना नाही. म्हणून काही सुशिक्षित मित्र म्हणतात की स्कोअरला जात कळत नाही. बरोबर आहे, जात कळत नाही. त्याला इतिहास कळतो, आणि आपल्याला नाकारला गेला तो नेमका इतिहासच. ज्याच्या बापाकडे कार्ड आहे त्याला अठराव्या वर्षी ॲड-ऑन कार्ड मिळते आणि व्यवहाराची सवय घरातच लागते. आपल्या आईने बचत गटात पंधरा वर्षे एक हप्ता चुकवला नसेल, वडिलांनी मंडळाची भिशी कधी बुडवली नसेल, त्या घरच्या पोराच्या नावापुढे कोरी पाटी. खजिना पोहोचवणाऱ्याच्या नावे काही जमा नव्हते, तसेच हे.

तरीही एक फरक आहे आणि तो मोठा आहे. पठाणाची वही आपल्याला पाहता येत नव्हती. ही वही दर वर्षी एकदा मोफत पूर्ण पाहता येते, प्रत्येक कंपनीकडून. चुकीची नोंद आव्हान देऊन खोडता येते. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. कार्डाचा अर्ज नाकारला तर नेमके कारण लेखी देणे बँकेला बंधनकारक आहे. केवळ कर्जाचा पूर्वेतिहास नाही म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याला नाकारू नये, असेही रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. हे हक्क न वापरता 'लायकी नाही' म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या हातात पुन्हा वही देणे.

कोऱ्या पाटीवर पहिली ओळ लिहायचा सोपा मार्ग म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड. दहा-पंधरा हजारांची ठेव ठेवा, तिच्यावर कार्ड घ्या, महिन्याला रिचार्ज आणि पेट्रोलपुरते वापरा आणि संपूर्ण बिल मुदतीत भरा. 'किमान रक्कम' भरून समाधान मानू नका. उरलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढते, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे. पठाणाच्या 75 पेक्षा कमी, पण जात तीच. एका आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची नोंद होते. मित्राच्या गाडीला जामीन राहण्याआधी दहा वेळा विचार करा, त्याचा थकलेला हप्ता तुमच्या अहवालात दिसतो. आणि 'सेटलमेंट करून टाकू' म्हणणाऱ्या वसुलीवाल्याचे ऐकताना लक्षात ठेवा, 'सेटल्ड' हा शेरा पूर्ण फेडीचा नसतो.

वेल्ह्यातल्या एका मुलाचा अहवाल अलीकडे आम्ही काढून पाहिला. शिरवळला कंत्राटी कामाला आहे, कर्ज कधी घेतले नाही, तरी कार्ड नाकारले. अहवालात एका दुचाकीचे थकीत कर्ज निघाले. त्याच्याच नावाचा दुसरा माणूस, पॅनचा एक अंक चुकून टाकलेला. चार वर्षे ती नोंद तिथे होती आणि चार वर्षे तो 'आपल्यातल्यांना देत नाहीत' म्हणत होता. तक्रार टाकली आहे, तीस दिवस मोजतो आहोत. ज्यांना नकार आला आहे त्यांनी नकाराचा मेसेज पुसू नका. तो, पॅन आणि मोबाईल घेऊन रविवारी विहारात या, अहवाल तिथेच उघडून वाचू.

जय भीम.