युरोपच्या राजधान्या आणि कोल्हापूरचे दोन प्रवासी

युरोपला निघालेला मनुष्य पाहण्याच्या स्थळांची यादी घेऊनच निघतो : लंडनचा टॉवर, पॅरिसचा आयफेल मनोरा, रोमचे कलोसियम. कोल्हापूरकराने तीत फ्लॉरेन्सची भर घालावी. १८६५ ते १८७१ या काळात हे शहर इटलीची राजधानी होते. लंडन पाहून परतणारे आपले तरुण छत्रपती राजाराम महाराज येथेच ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे हिंदू रीतीने दहन झाले. १८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली. तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे.

दुसरे प्रवासी राजर्षी शाहू. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते १९०२ साली लंडनला गेले. त्या प्रवासात रोमचे कलोसियम पाहून त्यांना कुस्तीच्या मैदानाची कल्पना सुचली, असे सांगतात. १९१२ साली खासबाग मैदान तयार झाले.

मी कलोसियम पुस्तकातच पाहिले. माझे शिक्षण गिरणीच्या दारातल्या सभांत झाले. पण त्या पुस्तकात एक गोष्ट मला खटकली. तेथे बसण्याची जागा दर्जावर ठरे : सिनेटचे सभासद पुढे, गोरगरीब आणि गुलाम अगदी वर. आपल्या खासबागेत मात्र उतारावर मागे बसलेल्या हमालालाही आखाडा स्वच्छ दिसतो. महाराजांनी रोमची भव्यता तेवढी आणली, उतरंड तेथेच ठेवली.

तेव्हा परदेशी इमारतीपुढे खुशाल थक्क व्हावे. पण तिच्यात कोणाला कोठे जागा होती, एवढे विचारल्याशिवाय परतू नये.