सहापैकी किती? ल्युदमिला पाखोमोव्हा आणि बर्फावरच्या नृत्याची गोष्ट

आजचा विषय थोडा लांबचा आहे. आपल्या धायरी फाट्यावर बर्फ दिसतो तो रसवंतीत, गोणपाटात गुंडाळलेला. त्या बर्फावर पायांत पोलादी पाती बांधून कुणी टँगो नाचेल, आणि नऊ माणसं समोर बसून त्याला सहापैकी गुण देतील, ही कल्पना आपल्याला परकी वाटणं साहजिक आहे. पण ज्या प्रश्नाभोवती ही गोष्ट फिरते, तो प्रश्न आपल्या घरचा आहे. पुरुषोत्तम करंडकाचा निकाल लागला की भरत नाट्य मंदिराच्या बाहेर तासभर जी भांडणं चालतात, ती आठवा. सौंदर्याला क्रमांक देता येतो का, आणि दिला तर तो कशाच्या आधारावर, हा तो प्रश्न. मी आयुष्यभर तो वर्गात फळ्यावर मांडला. ल्युदमिला पाखोमोव्हा नावाच्या एका रशियन बाईनं तो बर्फावर उभा केला, म्हणून आज तिच्याविषयी बोलायचं.

आधी या खेळाची कुंडली सांगतो. बर्फावर घसरत जाणं हे युरोपात फार जुनं. पण संगीताच्या तालावर बर्फावर नाचायचं, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातली. जॅक्सन हेन्स नावाचा एक अमेरिकन माणूस १८६०च्या दशकात व्हिएन्नात गेला आणि त्यानं बॅले व वॉल्ट्झ यांची जोड बर्फाशी घातली. पुढे इंग्रजांनी ते उचललं आणि, इंग्रजांच्या स्वभावाप्रमाणे, त्याचे नियम केले. १९५२ साली या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. पहिलं विजेतेपद ब्रिटनला गेलं, आणि १९६० पर्यंत दरवर्षी ते ब्रिटनलाच जात राहिलं. मग चार वर्षं एक चेक भाऊ-बहीण जिंकले, १९६६ ते १९६९ पुन्हा ब्रिटिश जोडी. म्हणजे बघा, खेळ इंग्रजांचा, नियम इंग्रजांचे आणि 'चांगलं नृत्य' कशाला म्हणायचं ही अभिरुचीही इंग्रजी नृत्यगृहातली. पाठ ताठ, पावलं अचूक, चेहरा शांत.

इथे एक फरक लक्षात घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. बर्फावर स्त्री-पुरुष जोडीनं उतरण्याचे दोन प्रकार आहेत. एक जोडी-स्केटिंग. त्यात पुरुष स्त्रीला डोक्यावर उचलतो, फेकतो, उंच उड्या असतात. दुसरा आइस डान्स. त्यात डोक्यावर उचलणं नाही, हवेत तीन-तीन गिरक्या नाहीत, एकमेकांपासून फार दूर जाणंही नाही. मग उरतं काय? पावलं, ताल आणि दोघांमधलं नातं. चूक झाली तर कुणी धाडकन पडत नाही, आणि त्यामुळे सामान्य प्रेक्षकाला चूक दिसतही नाही. याच कारणानं जोडी-स्केटिंग १९०८ पासून ऑलिंपिकमध्ये होतं आणि आइस डान्स नव्हता. 'हा खेळ कुठे आहे, हा तर नाच आहे,' हा आक्षेप होता. सोव्हिएत संघातही सुरुवातीला या प्रकाराला फार मान नव्हता. त्यांचा दबदबा जोडी-स्केटिंगमध्ये होता. १९६४ आणि १९६८ ची ऑलिंपिक सुवर्णं बेलोउसोव्हा आणि प्रोतोपोपोव्ह या जोडीनं नेली होती.

अशा वेळी ल्युदमिला पाखोमोव्हा येते. जन्म ३१ डिसेंबर १९४६, मॉस्को. वर्ष संपायला काही तास असताना जन्मलेली. सुरुवातीला एकेरी स्केटिंग, मग व्हिक्टर रिझ्किन या तिच्याहून बऱ्याच मोठ्या जोडीदाराबरोबर आइस डान्स. त्याच्याबरोबर ती १९६४ पासून लागोपाठ तीनदा देशाची विजेती झाली. वय वीसच्या आत, राष्ट्रीय विजेतेपद हातात. शहाण्या माणसानं तिथेच राहायचं. तिनं जोडीदार बदलला.

नवा जोडीदार अलेक्सांद्र गोर्श्कोव्ह. तिच्याच वयाचा, ऑक्टोबर १९४६ चा जन्म. पण नाव नसलेला, कामगिरी बेताची. आपल्याकडे गवयाची साथ करणारा तबलजी ठरवताना जसं म्हणतात ना, की नुसता हात तयार असून भागत नाही, ऐकणारा कान पाहिजे, तसं काहीसं तिनं पाहिलं असावं. हा माझा तर्क, पण पुढची दहा वर्षं पाहिली तर तो चुकीचा वाटत नाही. प्रशिक्षक म्हणून आली येलेना चायकोव्स्काया. तीही तरुणच. स्वतः एकेकाळची राष्ट्रीय विजेती आणि रंगभूमीची जाण असलेली. पाखोमोव्हानंसुद्धा मॉस्कोच्या नाट्यसंस्थेत नृत्यदिग्दर्शनाचं शिक्षण घेतलं. म्हणजे या तिघांपैकी दोघींना मंच काय असतो हे ठाऊक होतं. ही माहिती मी सहज सांगत नाहीये, त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली तिथे आहे.

इंग्रजी शैलीत दोघे मिळून एक सुंदर यंत्र बनत. पाखोमोव्हाच्या नृत्यात दोन माणसं दिसू लागली. रशियन लोकनृत्याची पावलं आली, बॅलेतले हात आले, आणि मुख्य म्हणजे चेहरा आला. ती नजर फेकायची, रुसायची, आव्हान द्यायची. नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर आंगिक अभिनयाला सात्त्विकाची जोड मिळाली. गोर्श्कोव्ह मुद्दाम संयत राहायचा. तिच्या आगीला चौकट हवी होती, ती तो द्यायचा.

परीक्षकांना हे लगेच पचलं नाही. १९६८ च्या जागतिक स्पर्धेत ही जोडी सहावी आली. १९६९ ला दुसरी. आणि १९७० साली ल्युब्लियाना इथे पहिली. सोव्हिएत संघाचं आइस डान्समधलं हे पहिलं जागतिक विजेतेपद. त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. पुढे लिआँ, कॅलगरी, ब्रातिस्लाव्हा, म्युनिक, अशी १९७४ पर्यंत लागोपाठ पाच विजेतेपदं. मध्ये एकदाच, १९७२ च्या युरोपीय स्पर्धेत, पश्चिम जर्मनीच्या आंगेलिका आणि एरिख बुक या बहीण-भावानं त्यांना मागे टाकलं. त्याच मोसमात जागतिक स्पर्धेत मात्र पाखोमोव्हा पुन्हा वर. आता विचारा, थोड्याच दिवसांत नृत्य इतकं बदललं का? नाही. परीक्षकांची समिती बदलली.

आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण तत्त्वज्ञानाच्या माणसाला खरा रस इथे आहे.

त्या काळी गुण सहापैकी असत. एक आकडा तंत्राचा, एक कलात्मक परिणामाचा. आपल्याला वाटतं की नऊ परीक्षकांच्या गुणांची बेरीज करून निकाल लागत असेल. तसं नव्हतं. परीक्षकानं दिलेल्या आकड्यांवरून फक्त त्याच्या मते कोण पहिला, कोण दुसरा, हे ठरे. मग ज्याला बहुसंख्य परीक्षकांनी वर ठेवलं, तो वर. म्हणजे ५.९ या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नव्हता. 'यापेक्षा ते बरं' एवढंच तो सांगत होता. ही तुलना आहे, माप नाही. मापाला पट्टी लागते, तुलनेला डोळा पुरतो.

आता आपला पुरुषोत्तम पुन्हा घ्या. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्यांच्या मते कुठलीही एकांकिका त्या दर्जाला पोचली नव्हती. त्यावर केवढा गदारोळ झाला! पण तात्त्विकदृष्ट्या ती फार वेगळी भूमिका आहे. तिथे परीक्षक म्हणत होते की आमच्या मनात एक पट्टी आहे. बर्फावर हे शक्यच नव्हतं. तिथे कुणीतरी पहिलं येणारच. मल्लखांबाच्या स्पर्धा ज्यांनी पाहिल्यात त्यांना तिसरीच तऱ्हा ठाऊक असेल. तिथे कौशल्य किती अवघड, तोल कुठे गेला, याचा हिशेब ठेवायचा प्रयत्न असतो. तरीही खांबावरून उतरलेल्या पोराकडे बघून 'सफाई' हा शब्द वापरल्याशिवाय कुणाचं भागत नाही. आता ती सफाई कशात मोजणार?

रा. भा. पाटणकरांचा 'सौंदर्यमीमांसा' हा ग्रंथ १९७४ साली आला. सौंदर्याविषयीची विधानं सिद्ध करता येतात का, हा त्यातल्या गाभ्याच्या प्रश्नांपैकी एक. कांटनं त्यातली गाठ अचूक दाखवली होती. 'हे सुंदर आहे' असं मी म्हणतो तेव्हा ते केवळ माझ्या आवडीचं निवेदन नसतं. सगळ्यांनी मान्य करावं असा माझा दावा असतो. पण तो दावा सिद्ध करायला माझ्याजवळ नियम नसतो. पंचाईत आहे खरी! आणि योगायोग असा की मराठीत या पंचाइतीचा सर्वांत मोठा ऊहापोह छापून आला, त्याच वर्षी मॉस्कोत पाखोमोव्हा, गोर्श्कोव्ह आणि चायकोव्स्काया यांनी तिच्यावर एक व्यवहारी उत्तर काढलं. त्याचं नाव 'टँगो रोमँटिका'.

ते समजून घ्यायला स्पर्धेची रचना माहीत हवी. तिच्यात तीन भाग असत. पहिला सक्तीच्या नृत्यांचा. सगळ्यांनी तीच पावलं, त्याच तालात, बर्फावर त्याच आकृतीत टाकायची. दुसऱ्यात ताल ठरलेला, रचना आपली. तिसरा मुक्त नृत्याचा. सक्तीची नृत्यं म्हणजे आपल्या शास्त्रीय नृत्यातल्या अडवूंसारखी किंवा तोड्यांसारखी. सगळ्यांना सारखी, म्हणून तुलना सोपी. ही नृत्यं बहुतेक इंग्रजांनी बांधलेली. जुन्या नृत्यगृहातला वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट वगैरे. १९७४ मध्ये या तिघांनी टँगोची एक रचना केली आणि पुढे ती अधिकृत सक्तीच्या नृत्यांच्या यादीत गेली.

याचा अर्थ काय झाला? जी शैली काही वर्षांपूर्वी परीक्षकांना नियमाबाहेरची वाटत होती, तीच नियम झाली. आता जगभरच्या स्पर्धक जोड्यांना पाखोमोव्हाची पावलं गिरवणं भाग होतं. प्रतिभा नियम पाळत नाही, ती नियम देते, असं कांट म्हणतो. वर्गात हे वाक्य समजावताना माझी फार दमछाक व्हायची. बर्फावर ते पुस्तकात नोंदलेलं आहे, पावलांच्या क्रमांकांसकट. अर्थात मोठ्या विजेत्या जोड्यांनी नृत्यं बांधून देणं ही रीत पूर्वीही होती, बुक भावंडांच्या नावावरही एक वॉल्ट्झ आहे. पण अभिरुचीच बदलणारं नृत्य सक्तीचं होणं ही गोष्ट वेगळी.

ऑलिंपिक समितीनं १९७६ पासून आइस डान्सला प्रवेश दिला. आणि नेमकं त्याच्या तोंडावर संकट आलं. १९७५ च्या सुरुवातीला कोपनहेगनची युरोपीय स्पर्धा जिंकल्यावर गोर्श्कोव्ह गंभीर आजारी पडला. फुप्फुसाची शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली आणि विजेतेपद गेलं त्यांच्याच देशाच्या इरिना मोइसेयेव्हा आणि आंद्रेई मिनेन्कोव्ह या तरुण जोडीकडे. विचार करा, सहा-सात वर्षं ज्या दिवसासाठी एका कलेला खेळाचा दर्जा मिळवायची खटपट केली, तो दिवस वर्षावर आलाय, आणि जोडीदाराचं फुप्फुस उघडलंय. एकेरी खेळाडू स्वतःच्या शरीरावर अवलंबून असतो. इथे दोन शरीरांची एक कारकीर्द होती. ती दुसरा जोडीदार शोधू शकली असती, पूर्वी एकदा तिनं तसं केलंही होतं. या वेळी थांबली.

फेब्रुवारी १९७६, इन्सब्रूक. ऑलिंपिकच्या इतिहासातलं आइस डान्सचं पहिलं सुवर्ण पाखोमोव्हा-गोर्श्कोव्ह यांना. रौप्य मोइसेयेव्हा-मिनेन्कोव्ह यांना, कांस्य अमेरिकन जोडीला. पुढच्याच महिन्यात गोथेनबर्गला सहावं जागतिक विजेतेपद. आणि मग निवृत्ती. एकाच जोडीनं आइस डान्समध्ये जिंकलेली सहा जागतिक विजेतेपदं, हा विक्रम आजवर कुणी मोडलेला नाही.

सोव्हिएत सरकारनं या यशाचा पुरेपूर वापर केला, हेही सांगितलं पाहिजे. शीतयुद्धात प्रत्येक पदक म्हणजे एक जाहिरात होती. परीक्षकही देशांचे प्रतिनिधी म्हणूनच बसायचे आणि गटबाजीचा संशय या खेळाला कायम चिकटून राहिला. १९९८ मध्ये तर एका युक्रेनी परीक्षकाचा फोन ध्वनिमुद्रित झाला, त्यात तो नृत्य सुरू होण्याआधीच क्रम सांगत होता! २००२ च्या ऑलिंपिकमधल्या जोडी-स्केटिंगच्या घोटाळ्यानंतर सहाची पद्धत मोडीतच निघाली, आणि प्रत्येक घटकाचे गुण मोजून बेरीज करणारी नवी आली. काही लोक म्हणतात की आता न्याय जास्त आहे. असेल. पण बेरीज करताना माणूस पावलं बघतो, नृत्य बघत नाही, अशी तक्रार आता ऐकू येते. म्हणजे भांडण मिटलं नाही, फक्त बाजू बदलली.

पाखोमोव्हाचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. १९७७ मध्ये मुलगी झाली. त्यानंतर ती प्रशिक्षक झाली आणि तिच्या हाताखालच्या जोड्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चमकू लागल्या. पण रक्ताच्या कर्करोगानं गाठलं. १७ मे १९८६ रोजी ती गेली. वय ३९. गोर्श्कोव्ह पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आइस डान्सविषयक तांत्रिक समितीचा अध्यक्ष झाला, म्हणजे नियम करणाऱ्यांत जाऊन बसला. २०१० पासून रशियन महासंघाचा अध्यक्ष होता, २०२२ मध्ये वारला.

त्या २०१० सालाची एक गोष्ट राहिली. सक्तीची नृत्यं कंटाळवाणी होतात, दूरचित्रवाणीवर कुणी बघत नाही, म्हणून तो भाग काढून टाकायचं ठरलं. त्यामुळे व्हँकूव्हरचं ऑलिंपिक हे सक्तीचं नृत्य असलेलं शेवटचं. त्या स्पर्धेसाठी जे नृत्य ठरलं होतं, ते टँगो रोमँटिका. वेगवेगळ्या देशांच्या तेवीस जोड्या एकामागून एक बर्फावर आल्या आणि १९७४ साली मॉस्कोत बांधलेली तीच पावलं नाचून गेल्या.