पंधरा भाग हवा, एक भाग पेट्रोल

माझे आजोबा लहानपणी पाहिलेल्या एका मोटारीची गोष्ट सांगत. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, पेट्रोल रेशनवर. सोलापूरहून तुळजापूरला, म्हणजे इंग्रजी मुलखातून निजामाच्या राज्यात येणाऱ्या त्या सर्व्हिस मोटारीच्या मागे पाणी तापवायच्या बंबासारखे भले मोठे पिंप बसवलेले असे. क्लीनर त्यात लोणारी कोळसा भरी, पेटवी आणि हाताने पंखा फिरवत बसे. बऱ्याच वेळाने गाडी चालू होई. घाट लागला की निम्मे प्रवासी खाली! 'देवीला पायीच जायचं तर तिकीट कशाला काढलं?' असे कोणीतरी दर वेळी म्हणेच.

कार्बोरेटर म्हणजे काय, हे मला या गोष्टीमुळे समजले. आपण म्हणतो, गाडी पेट्रोलवर चालते. खरे तर ती पेट्रोलची वाफ आणि हवा यांच्या मिश्रणावर चालते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. हवा कमी पडली तर काळा धूर, जास्त झाली तर इंजिन गचके खाते. त्या बंबात कोळशाला मुद्दाम अपुरी हवा देत. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी, पण जळणारा वायू निघे. तो गाळून, थंड करून जवळजवळ तितक्याच हवेत मिसळला की झाले. इंधन आधीच वायुरूप, त्यामुळे कार्बोरेटरचे काम एका साध्या झडपेवर भागे. मात्र या मिश्रणात दम कमी. म्हणून घाटात प्रवासी खाली.

पेट्रोल पातळ. त्याचे बारीक तुषार करून ते मापात हवेत सोडायचे, हीच कार्बोरेटरची करामत. घरोघरी डासांसाठी असायचा तो फ्लिटचा पंप आठवा. दांडा दाबला की नळीच्या तोंडावरून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि डब्यातले औषध वर चढून फवारते. इथे दांड्याचे काम पिस्टन करतो. तो खाली जाताना हवा ओढतो, हवा अरुंद गळ्यातून धावते आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल बाहेर येते. खालच्या वाटीतला फ्लोट पाण्याच्या टाकीतल्या चेंडूसारखा पातळी राखतो. थंडीत चोक ओढायचा तो हवा अडवून मिश्रण घट्ट करायला.

ही युक्ती सुचायला वेळ लागला. कार्ल बेंझच्या पहिल्या गाडीत नुसती इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेत. १८८८ मध्ये त्याची पत्नी बर्था तीच धाटणीची गाडी घेऊन माहेरी निघाली. वाटेत तिने औषधाच्या दुकानातून इंधन घेतले आणि तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. पुढे १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाखने, तर हंगेरीत बांकी आणि चोंका यांनी फवाऱ्याचा कार्बोरेटर बनवला.

बर्थाबाईंची पिन माझ्या मेकॅनिक काकांना मात्र आवडली नसती. धाराशिवात त्यांनी उभा जन्म ल्युना, एम-एटी आणि राजदूत दुरुस्त करण्यात घालवला. जेटमध्ये कचरा अडकला की मी तार शोधायचो आणि ते ओरडायचे, 'तार घालू नको रे, भोक मोठं होतंय! फुंकर मार.' केसाएवढ्या फरकाने मायलेज जाते, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाक्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता सेन्सर मोजतात, छोटा संगणक हिशेब करतो आणि इंजेक्टर फवारतो. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. काकांचा खोकला त्या धुराचाच आहे, असे काकू म्हणते. पण स्कॅनरशिवाय नव्या गाडीतला बिघाड सापडत नाही, आणि स्कॅनर घेण्याचे काकांचे वय राहिले नाही. त्यांच्याकडे आता दुधाच्या कॅन वाहणाऱ्या जुन्या एम-एटी येतात, त्याही महिन्याला दोन-तीन.

परवा अशीच एक आली. काकांनी कान दिला, एअर स्क्रू पाव फेरा उलटा फिरवला आणि मला म्हणाले, 'आता ऐक.' मला काही फरक कळला नाही. दूधवाल्याला कळला.