एचडीएल कोलेस्टेरॉल : आकडा चांगला असला म्हणजे हृदय सुरक्षित का?

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात आला, की अनेकजण आधी एचडीएल पाहतात. ते ६० च्या पुढे असले, की बाकीच्या आकड्यांकडे दुर्लक्ष होते. ही चूक तुम्ही करू नका.

एचडीएल काय करते?

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. प्रथिने व चरबीच्या सूक्ष्म कणांतून ते वाहून नेले जाते. एलडीएलचे कण वाढले, की त्यांतील कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठू लागते. एचडीएलचे कण पेशींमधील जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत नेतात. म्हणून त्याला 'चांगले' कोलेस्टेरॉल म्हणतात.

कमी एचडीएलचा अर्थ

पुरुषांमध्ये ४० व स्त्रियांमध्ये ५० मि.ग्रॅ./डीएलपेक्षा कमी एचडीएल असल्यास ते कमी मानले जाते. अशा लोकांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासातून १९७७ मध्येच दिसून आले. भारतीयांमध्ये कमी एचडीएल व वाढलेले ट्रायग्लिसराइड्स ही जोडी वारंवार आढळते. तिच्यासोबत बऱ्याचदा सुटलेले पोट, मधुमेह किंवा मधुमेहाची सुरुवात असते.

मग औषधाने एचडीएल वाढवावे का?

नाही. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल ७० टक्क्यांहून अधिक वाढले. पण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू वाढल्याने सुमारे १५,००० रुग्णांवरील चाचणी २००६ मध्ये थांबवावी लागली. स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांना जोडीला नायसिन दिल्यावरही एचडीएल वाढले, पण हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. जन्मतःच एचडीएल वाढवणारा एक जनुकीय बदल असलेल्यांनाही त्याचा फायदा झालेला दिसला नाही. म्हणजे कमी एचडीएल ही धोक्याची खूण आहे. आकडा वाढवला म्हणून धोका टळत नाही. एचडीएल फार जास्त असणेही हितावह असतेच असे नाही.

रिपोर्ट असा वाचा

एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. समजा एकूण २२० आणि एचडीएल ६० आहे, उरले १६०. हे 'नॉन-एचडीएल', म्हणजे रक्तवाहिन्यांत साठू शकणारे सर्व कोलेस्टेरॉल. सर्वसाधारणपणे ते १३० पेक्षा कमी असावे. मधुमेह असेल किंवा आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर मर्यादा आणखी खाली असते. या उदाहरणात एचडीएल उत्तम आहे, तरीही उपचारांचा विचार करावा लागेल.

तुम्ही काय कराल?

• तंबाखू, सिगारेट, विडी पूर्ण बंद करा.
• आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चाला. एचडीएल थोडेच वाढेल. पण ट्रायग्लिसराइड्स, रक्तदाब व साखर यांनाही फायदा होईल.
• पोटाचा घेर कमी करा.
• वनस्पती तूप व त्यात तळलेले पदार्थ टाळा. साखर, मैदा कमी करून डाळी, भाज्या, शेंगदाणे व अक्रोड यांना जागा द्या.
• एचडीएल वाढावे म्हणून मद्य घेऊ नका.
• स्टॅटिन सुरू असेल, तर 'एचडीएल चांगले आले' म्हणून स्वतःहून बंद करू नका.

पुढच्या वेळी रिपोर्ट घेऊन जाल, तेव्हा डॉक्टरांना विचारा : 'माझे एलडीएल आणि नॉन-एचडीएल किती असायला हवे?' उपचार त्यावरच ठरतात.