अलैंगिकता (लैंगिक अभिमुखता)

अलैंगिकता म्हणजे कोणत्याही लिंगाच्या व्यक्तीविषयी लैंगिक आकर्षण न वाटणे किंवा ते अत्यल्प वाटणे होय. भिन्नलैंगिकता, समलैंगिकता व उभयलैंगिकता यांच्याप्रमाणे ती एक लैंगिक अभिमुखता असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. शालेय पाठ्यपुस्तकांत ‘अलैंगिक’ हा शब्द अमीबा, यीस्ट इत्यादी सजीवांच्या प्रजननासंदर्भात येतो. त्या अर्थाशी प्रस्तुत संकल्पनेचा संबंध नाही.

संकल्पना

अलैंगिकता आणि ब्रह्मचर्य यांची वारंवार गल्लत होते. ब्रह्मचर्य हा संकल्प आहे. विनोबा भावे यांनी तो बालवयातच केला; महात्मा गांधींनी विवाह व चार मुलांनंतर, १९०६ साली, ते व्रत घेतले. व्रतात इच्छेवरील संयम गृहीत असतो, तर अलैंगिक व्यक्तीच्या बाबतीत निवड वा निग्रह यांचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे केवळ विरक्तीच्या वर्णनावरून एखाद्या संताला वा ऐतिहासिक व्यक्तीला अलैंगिक ठरवणे सयुक्तिक नाही.

नपुंसकता ही शारीरिक वा मानसिक कारणांनी येणारी समागमाची अक्षमता आहे, तीही वेगळी. अलैंगिक व्यक्ती प्रजननक्षम असू शकते, प्रेमात पडू शकते, विवाह करून अपत्यांना जन्मही देऊ शकते. काहींना केवळ घट्ट भावनिक नाते जुळल्यावरच आकर्षण वाटते. त्यांना ‘डेमिसेक्शुअल’ म्हणतात.

अभ्यास

अमेरिकी संशोधक आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ व १९५३ च्या ग्रंथांत लैंगिक प्रतिसाद न आढळलेल्या व्यक्तींसाठी ‘एक्स’ असा स्वतंत्र वर्ग योजला होता, परंतु त्याचा पाठपुरावा फारसा झाला नाही. २००१ साली डेव्हिड जे यांनी अलैंगिक व्यक्तींसाठी ‘एव्हेन’ हे संकेतस्थळ सुरू केले. २००४ साली अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधील १८,००० हून अधिक व्यक्तींच्या सर्वेक्षणाचे विश्लेषण केले. त्यांतील सुमारे १ टक्का व्यक्तींनी आपणास कोणाविषयीही लैंगिक आकर्षण वाटले नसल्याचे नोंदवले होते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीनुसार (२०१३) स्वतःस अलैंगिक मानणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत कामेच्छेच्या अभावाचे निदान करू नये.

महाराष्ट्रातील संदर्भ

मराठीत लैंगिकतेविषयी मोकळ्या चर्चेचा पाया र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७–१९५३) या मासिकातून घातला. कामेच्छा नैसर्गिक आहे, तिची लाज बाळगू नये, हा त्यांचा आग्रह त्या काळात क्रांतिकारक होता. मात्र ‘इच्छा सर्वांनाच असते’ या गृहीतकात ती नसलेल्यांना जागा उरत नाही, आणि आजच्या पुरोगामी चर्चेतही हे गृहीतक बरेचदा तसेच आढळते.

प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर येतो तो विवाहाच्या वेळी. ठरवून होणाऱ्या लग्नात पत्रिका, शिक्षण, नोकरी यांची चौकशी होते; या विषयाची होत नाही. ‘लग्नानंतर सगळे ठीक होईल’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला दोन व्यक्तींना अडचणीत आणू शकतो, कारण जोडीदाराची अपेक्षाही तितकीच रास्त असते.

कायदेशीर बाजू

भारतातील वैवाहिक कायद्यांत अलैंगिकतेचा उल्लेख नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ नुसार जोडीदाराच्या नपुंसकतेमुळे समागम न झाल्यास विवाह रद्द करून मागता येतो. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका तरुण दांपत्याचा विवाह ‘सापेक्ष नपुंसकता’, म्हणजे विशिष्ट जोडीदारापुरती अक्षमता, या कारणाने रद्द ठरवला. तो निकाल अलैंगिकतेविषयी नव्हता. समर घोष विरुद्ध जया घोष (२००७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शारीरिक अक्षमता वा सबळ कारण नसताना दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारण्याचा एकतर्फी निर्णय मानसिक क्रौर्य ठरू शकतो, असे म्हटले. आकर्षणाचा अभाव ‘सबळ कारण’ मानावा काय, हे त्यात आलेले नाही. तथापि कलम १२ खाली विवाह रद्द होण्यासाठी पती वा पत्नीने स्वतः अर्ज करावा लागतो. उभयतांनी संमतीने शरीरसंबंधांविना संसार केल्यास त्यांचा विवाह वैधच राहतो आणि नातेवाइकांना त्यास आव्हान देता येत नाही.