हृदयाची विद्युत्-नोंद आणि तिचे तंत्रज्ञ

हृदयाचे प्रत्येक आकुंचन सूक्ष्म विद्युत्-आवेगाने सुरू होते. हा आवेग टिपून त्याचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राला विद्युत्-शरीरक्रियाशास्त्र, म्हणजेच इलेक्ट्रोफिजिओलॉजी म्हणतात. मात्र त्याच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे जेवढी ठळक आहेत, तेवढेच नोंद प्रत्यक्ष घेणारे हात दुर्लक्षित राहिले आहेत. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये मानवी हृदयाची पहिली विद्युत्-नोंद, म्हणजेच ईसीजी, घेतली. पुढे नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइंटहोवेन यांनी चुंबकीय क्षेत्रात ताणलेल्या अत्यंत बारीक तारेच्या साहाय्याने या नोंदीत अचूकता आणली व १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. त्यांचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते, रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे आणि यंत्र चालवायला पाच माणसे लागत. हृदयाची नोंद घेणाऱ्या तंत्रज्ञांच्या व्यवसायाचा आरंभ त्या पाच जणांपासून मानणे योग्य ठरेल.

यंत्र लहान होत गेले तसे पाच जणांचे काम एकाकडे आले, पण त्यातील जबाबदारी कमी झाली नाही. ‘ईसीजी काढणे’ या नित्याच्या शब्दांमागे दहा इलेक्ट्रोड नेमक्या जागी लावणे, त्यातले सहा छातीवर बरगड्या मोजून बसवणे, कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो आहे याची खात्री करणे, हे सारे येते. उजव्या-डाव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाली, तर निरोगी माणसाचे हृदय उजवीकडे असल्याचा भास पट्टीवर होतो, आणि ती चूक ध्यानात आली नाही तर निदानच भरकटते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिरेतून हृदयात नळी नेऊन आतून नोंद घेण्याची पद्धत रुजल्यावर तंत्रज्ञाला मिलिसेकंदांत अंतरे मोजणे, सांगितल्या क्रमाने कृत्रिम ठोके देणे आणि झटका देणारे यंत्र सज्ज ठेवणे अशी अधिक जोखमीची कामे करावी लागली.

असा कुशल तंत्रज्ञ मोठ्या शहराबाहेरही किती गरजेचा आहे, हे बारामतीत दिसते. बारामती एमआयडीसीत तीनचाकी वाहनांपासून चॉकलेटपर्यंतचे कारखाने उभे राहिले आणि पाळ्यांमध्ये काम करणारा मोठा कामगारवर्ग तेथे आला, तर इंदापूरकडचा परिसर प्रामुख्याने ऊसशेतीचाच राहिला. शंभर किलोमीटरवरच्या पुण्याला जाईपर्यंत छातीत दुखणाऱ्या माणसाचा मोलाचा वेळ वाया जातो, म्हणून पहिली पट्टी गावाजवळच आणि बिनचूक निघणे हा येथे जीवनमरणाचा प्रश्न आहे. २०१९ मध्ये एमआयडीसी परिसरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही या दृष्टीने महत्त्वाची घटना होय.

या तंत्रज्ञांच्या व्यवसायाला कायद्याची मान्यता मात्र उशिरा मिळाली. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये झाला आणि हृदयाच्या व मेंदूच्या विद्युत्-नोंदी घेणाऱ्या तंत्रज्ञांचा त्याच्या परिशिष्टात स्वतंत्र उल्लेख झाला. आता बारामती तालुक्यातील प्रत्येक ईसीजी यंत्रामागे प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमला जावा, याचा आग्रह नागरिकांनीही धरला पाहिजे.