गणकयंत्राचा पूर्वेतिहास आणि वेस्ट विंडसर

उच्च गणिताचा विद्यार्थी आज खिशातून लहानसे यंत्र काढतो, कोनाचे माप भरून ‘साइन’ची कळ दाबतो आणि निमिषार्धात दहा अंकी उत्तर काळ्या आकड्यांत उमटते. त्या काळ्या आकड्यांमागील विद्या न्यू जर्सी राज्यातील वेस्ट विंडसरच्या हद्दीत सिद्ध झाली, हे फार थोड्यांस ठाऊक असते. कळेवरील नाव तर मूळचे आपल्याकडचेच आहे.

धनुष्याच्या दोरीस ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणत. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास चोवीस ज्यांची सारणी सूत्रबद्ध केली. अरबी पंडितांनी ‘जीवा’चे ‘जीबा’ केले. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्यामुळे पुढे कोणी तो शब्द ‘जैब’ असा वाचला; त्याचा अर्थ वस्त्राचा घोळ अथवा खिसा. हिंदीतील ‘जेब’ तो हाच. लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द योजिला. एका चुकीच्या वाचनाने धनुष्याची दोरी अशी खिशात जाऊन पडली!

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचिला. त्यातील ‘ज्योत्पत्ति’ या प्रकरणात समासभावना व अंतरभावना असे दोन नियम आहेत. दोन कोनांच्या ज्या व कोटिज्या ठाऊक असतील, तर त्यांच्या बेरजेची वा वजाबाकीची ज्या गुणाकारांनी काढता येते, हे त्यांचे सार होय. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून आचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे कळते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणिला.

परंतु गणिताची ही परंपरा सर्वांच्या वाट्यास आली नाही. कोकणातून गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्या आपल्या पूर्वजांस तिचा काय उपयोग होता? आरंभीच्या करारांत पुरुषास दरमहा पाच रुपये वेतन ठरे. एक दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचे वेतन कापण्याची ‘दुहेरी कपात’ तेथील मळ्यांवर चाले. हिशेबाची वही मळेवाल्याची, आणि अंगठा मजुराचा! त्रैराशिक न येणाऱ्यास वहीतील आकडा खरा मानण्यावाचून गत्यंतर नसे. गणकयंत्राचा इतिहास आपण वाचावयाचा तो हा अंगठा ध्यानी ठेवून.

आता वेस्ट विंडसरकडे वळू. आरसीए या रेडिओ कंपनीने १९४२ साली येथे प्रयोगशाळा उघडली. टपालाचा पत्ता प्रिन्स्टनचा असल्याने श्रेय बहुधा शेजारच्या त्या नामांकित गावास मिळते. गणनयंत्रांशी या जागेचा संबंध जुना आहे. जॉन फॉन नॉयमन प्रिन्स्टनमध्ये संगणक बांधीत होते, त्यासाठी येथील यान राजख्मन यांनी ‘सिलेक्ट्रॉन’ ही स्मृतिनलिका योजिली. ती वेळेवर सिद्ध झाली नाही आणि फॉन नॉयमन यांनी दुसरी साधने वापरिली.

याच प्रयोगशाळेत १९६२ साली रिचर्ड विल्यम्स यांना द्रवस्फटिकांच्या पातळ थरावर विद्युत्‌दाबाने आकृती उमटताना दिसल्या. जॉर्ज हाइलमायर यांनी ते काम पुढे नेले. प्रारंभीचे द्रव्य पाण्याच्या उत्कलनबिंदूहून अधिक तापविल्याशिवाय चालेना. असे यंत्र खिशात कोण बाळगणार? सहकारी रसायनज्ञांनी निरनिराळी द्रव्ये मिसळून साध्या खोलीत चालणारे मिश्रण केले आणि मे १९६८ मध्ये हा शोध जगापुढे मांडला गेला. अल्प विजेवर चालणारी सीमॉस मंडलेही आरसीएने त्याच वर्षी बाजारात आणिली. त्यांची मूळ युक्ती मात्र फेअरचाइल्डच्या फ्रँक वॉनलस यांची, १९६३ सालची.

खिशात मावणारे पहिले शास्त्रीय गणकयंत्र, एचपी-३५, १९७२ साली कॅलिफोर्नियात निघाले. किंमत ३९५ डॉलर. आकडे लाल दिव्यांचे, म्हणून विजेची भूक मोठी. त्याच्या पोटातील रीत जॅक व्होल्डर यांच्या १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॉर्डिक’ पद्धतीच्या घराण्यातली होती. कोन ठराविक लहान कोनांत फोडावयाचा आणि बेरीज-वजाबाकी व अंक सरकविणे एवढ्यावर ज्या गाठावयाची. तिचा पाया कोनांच्या बेरजेचे सूत्र, म्हणजे ज्योत्पत्तीतील भावनाच होय. व्होल्डर यांनी भास्कराचार्य वाचले होते असे मात्र कोणी समजू नये.

हे यंत्रही प्रमादातीत नव्हते. आरंभीच्या प्रतींत २·०२ चा नैसर्गिक लघुगणक काढून उलट घात केला, की उत्तर २ येई!

१९७३ साली जपानच्या शार्प कंपनीने ईएल-८०५ हे गणकयंत्र काढिले. त्यात द्रवस्फटिकांचे आकडे व सीमॉस मंडले एकत्र आली आणि एका लहान विद्युत्‌घटावर ते शंभर तास चाले. ते साधीच गणिते करी. पण शास्त्रीय यंत्रांनी पुढे हाच वेष घेतला. आरसीएच्या पदरी या व्यापारातले फारसे पडले नाही. तिची प्रयोगशाळा १९८७ साली एसआरआय संस्थेकडे गेली.

सरकपट्टी व लॉगटेबल मागे पडले, आणि ३९५ डॉलरचे काम करणारी यंत्रे १९७६ पर्यंत पंचवीस डॉलरांत मिळू लागली. आज ती मजुराच्या पणतवंडाच्याही दप्तरात आहेत. त्या पणतवंडास एक प्रयोग करावयास सांगावे. ३० अंशांची ज्या त्रिज्येच्या निम्मी, हे कागदावर समभुज त्रिकोण दुभागून पाहावे आणि मग कळ दाबावी. यंत्र रेडियनवर ठेवलेले असेल तर ०·५ ऐवजी ऋण ०·९८८ असे उत्तर येईल, आणि तेही तितक्याच सुबक काळ्या आकड्यांत.